गयाबाईंचा शेरा

जालन्यात एखादं जुनं माणूस भेटलं की अजूनही विचारतं, "काय मास्तर, यंदा कुणाला पाडलं?" हायस्कुलात मी जन्मभर गणित शिकवलं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गणितात पडलेली पोरं आता आजोबा झाली आहेत आणि त्यांनी मला माफही करून टाकलं आहे. विचारणाऱ्याच्या मनात असते ती कापसाच्या जिनिंगमधली परीक्षा. त्या परीक्षेला पगार नव्हता, हुद्दा नव्हता, पण माझ्या आयुष्यात मी जे काही काम मन लावून केलं ते तेच, असं आता वाटतं.

तेव्हा राज्य निजामाचं होतं. आमच्याकडं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्याच्या पुढं औरंगाबाद, आणि बी.ए. व्हायचं तर थेट हैदराबाद. तिथं सगळे विषय उर्दूतून. खेड्यातल्या पोराला हे कसं परवडावं? म्हणून जालन्याच्या कापूसवाल्या मंडळींनी एक विद्यार्थी फंड काढला होता. हुशार पोरांचा कॉलेजचा खर्च त्यातून चालायचा. फंडाचे प्रमुख शिवलिंगअप्पा, एका जिनिंगचे मालक. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण पोरं शिकावीत म्हणून जीव टाकायचे.

अप्पांनी एकदा मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, कॉलेजातून कागद येतो, पोरगं पास झालं म्हणून. ते बराबर हाय. पण पोरगं शहाणं झालं का, ते त्या कागदात न्हाई. कापसातून सरकी निघाल्यावर रुई कशी निघाली ते मी हातात घेऊन बघतो. पोराचं कसं बघू?"

मी म्हणालो, "अवघड आहे अप्पा."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. सोपं असतं तर मुनीमजीनं केलं असतं."

अशी ती परीक्षा सुरू झाली. वैशाखात जिनिंग बंद असे, पोरं सुट्टीला आलेली असत. फंडाची मंडळी कचेरीत गादीवर बसायची आणि पोरं एकेक करून आत यायची. नियम अप्पांचा: लागोपाठ दोन साल जो पडेल त्याचा फंड बंद.

आता ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोरगा आपल्या विषयात किती पक्का आहे हे बघणं सोपं. ते कॉलेज बघतंच. विषय बाजूला ठेवल्यावर त्याच्यापाशी काय उरतं, ते बघणं कठीण. मी सनावळ्या विचारत नसे, राजांची नावं विचारत नसे. पोराला काहीतरी करायला लावायचं आणि आपण गप्प बसायचं, एवढंच माझं तंत्र. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड, कारण मास्तर माणसाला उत्तर सांगून टाकायची घाई फार.

एका वकिलांचे चिरंजीव आले होते. युरोपातली सगळी राजघराणी त्यांना तोंडपाठ. मी खिडकीतून बोट दाखवलं आणि विचारलं, "ही आपली कुंडलिका. हिचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला जातं?" चिरंजीव म्हणाले, "अरबी समुद्राला." का? तर मुंबई जवळ म्हणून. बिचारी कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि सगळ्या मिळून पार दुसऱ्या टोकाच्या समुद्राला जातात. वकीलसाहेब माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलत नव्हते.

उलट वडीगोद्रीचा एक पोरगा होता, दिसायला अगदीच गबाळा. मी त्याच्यापुढं एका सभेची दोन वर्तमानपत्रांतली हकीकत ठेवली, एक उर्दू आणि एक मराठी. विचारलं, "काय झालं असेल सभेत?" त्यानं दोन्ही सावकाश वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या दोघांपैकी एकबी तिथं गेल्ता असं वाटत न्हाई." मी त्याला तिथल्या तिथं पास केलं. असा पोरगा सापडला की मला रात्रीचं जेवण गोड लागायचं.

पण परीक्षेचा मुख्य भाग वेगळाच होता, आणि तो माझ्या डोक्यातून निघालेला, म्हणून मला त्याचा फार अभिमान. त्याला आम्ही 'सांगणी' म्हणायचो. पोरानं वर्षभरात शिकलेली कोणतीही एक गोष्ट निवडायची आणि रिकाम्या गोदामात बसून एका माणसाला समजावून सांगायची. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला. आम्ही कुणी तिथं जायचं नाही. मग तो माणूस बाहेर येऊन आम्हाला सांगणार, की पोरानं काय सांगितलं. त्याला जेवढं सांगता येईल तेवढे गुण पोराला. श्रोत्याचा शेरा तो अखेरचा शेरा.

पहिल्या साली श्रोता म्हणून आम्ही अप्पांच्या मुनीमजींना बसवलं. शाळेत गेले नव्हते, हे बरोबर; पण इतके सज्जन की कुणाचं वाईट होऊ देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पोरगं आत काहीही बोलो, मुनीमजी बाहेर येऊन ते साजरं करून सांगायचे, वर पुराणातल्या दोन गोष्टी पदरच्या घालायचे. एक पोरगा तर भीतीनं नुसता खोकत बसला होता. मुनीमजी बाहेर आले, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई खोल बोलला." त्या साली सगळे पास झाले.

दुसऱ्या साली मी हट्ट धरला की श्रोता खरं बोलणारा हवा. अप्पा म्हणाले, "मंग गयाबाईला बसवा. ती माझ्याबी तोंडावर बोलती."

गयाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला यायच्या. कवडी, म्हणजे न फुललेला किडका कापूस, आणि पाला वेगळा काढणाऱ्या बायकांत त्या सगळ्यात जुन्या. जिभेला हाड नाही, पण मनात कपट नाही. मी त्यांना काम समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हणू का?"

"तेच तर म्हणायचं."

"मंग जमतंय मला," त्या म्हणाल्या.

आणि जमलं. गयाबाईंच्या शेऱ्यांनी आमची पोरं चळचळा कापू लागली. एकाबद्दल त्या म्हणाल्या, "ह्यो मला सांगत नव्हता, भिंतीला सांगून राह्यला व्हता. भिंतीला इचारा."

आता केशवचं सांगतो. भोकरदनच्या अलीकडच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा. घरात पाटी धरलेला हा पहिलाच. काटक, अबोल, डोळे मात्र सारखे काहीतरी शोधत असलेले. हैदराबादला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा तो सांगणीला बसला. विषय घेतला गुरुत्वाकर्षणाचा. पण कॉलेजात तो ते शिकला होता उर्दूतून, 'कशिश-ए-सिकल' म्हणून, आणि घाबरलेल्या माणसाला ज्या भाषेत पाठ केलं तीच आठवते. त्यानं धडाधड सगळं तसंच म्हणून दाखवलं. गयाबाई बाहेर आल्या त्या घाम पुसतच.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय की बाई. कचेरीतला हुकूम वाचल्यासारखं वाटलं. मी आपली हात जोडून बसले व्हते."

मंडळी हसली. केशव दारात उभा होता, त्यानं ते ऐकलं. तो हसला नाही, रडलाही नाही. खाली मान घालून भोकरदनच्या मोटारीकडं निघून गेला. नियमाप्रमाणं तो पडला.

पुढच्या वैशाखात तो परत आला. या खेपेला पडला असता तर फंड बंद, आणि बी.ए.ला एकच वर्ष उरलेलं. त्याच्या वडिलांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, की फंड सुटला तर सरळ घरी यायचं आणि औत धरायचं. हे मला केशवनंच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. मी त्याला बजावलं, "मराठीत बोल. आपल्या घरच्या मराठीत. आणि घाई करू नकोस." तो बरं म्हणाला आणि गोदामात गेला.

बराच वेळ झाला. आतून आवाज येत होता तो गयाबाईंचाच. मला वाटलं, त्या त्याला झापताहेत. शेवटी त्या बाहेर आल्या, माझ्याकडं न बघता अप्पांसमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "ह्या पोराला काई येत न्हाई."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"बिलकुल न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई. पोरगं गुणी हाय, आवाज चढवत न्हाई. पण इतके साल हैदराबादला राहून त्याला गिराण कसं लागतं ते म्हाईत न्हाई. सारखं मलाच इचारून राह्यला. मंग मीच सांगितलं त्याला."

"तुम्ही सांगितलंत?" मी म्हणालो. "ग्रहण? काय सांगितलंत?"

गयाबाईंनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जणू आता हा आणखी एक काही न येणारा भेटला.

"त्यानं इचारलं, गयाबाई, सूर्य रातच्याला कुठं असतो. म्हणलं, खाली. इकडून बुडतो, खालून जातो, तिकडून निघतो. मंग म्हणला, उन्हात तुमची सावली कुनीकडं पडती. म्हणलं, सूर्य म्होरं असला की मागं. मंग म्हणला, एवढ्या मोठ्या धरतीची सावली असंल का. म्हणलं, येडा हाइस का, असणारच की. मंग सूर्य खाली असताना धरतीची सावली कुनीकडं पडंल?" इथं गयाबाईंनी हात वर केला. "वर! आभाळात! पण दिसत का न्हाई म्हणला. म्हणलं, सावली दिसायला ती कशावर तरी पडाय पायजे, भिंतीवर न्हाई तर भुईवर. आभाळात काय भिंत हाय? आन् मंग माझ्याच ध्यानात आलं मास्तर. पुनवेला मध्यान रातीला बराबर वर कोण असतंय? चांद. त्याच्यावर पडती ती सावली. म्हणून तर चांदाचं गिराण पुनवेलाच लागतंय, दुसऱ्या दिवशी कधीच न्हाई! जल्माचं बघून राह्यले, पण कधी डोक्यात आलं न्हवतं."

मी गणिताचा मास्तर. फळ्यावर तीन गोल काढून मी ग्रहण कितीदा शिकवलं असेल, आणि ते शिकून माझ्या एकाही विद्यार्थ्याचे डोळे असे चमकलेले मला आठवत नाहीत.

मुनीमजींनी हळूच विचारलं, "मंग गयाबाई, आता गिराणात जेवायचं का?"

"ते न्हाई हां. पाळायचं ते मी पाळणार. एवढ्या मोठ्या सावलीतलं अन्न मी न्हाई खायची." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आन् मी त्याला इचारलं, की मंग दर पुनवेला का लागत न्हाई. तर म्हणतो, चांद कधी वरून जातो कधी खालून, पण नीट सांगता येईना मला, पुढच्या साली सांगतो. ते सोडून काई सांगितलं न्हाई त्यानं."

मी उठून उभा राहिलो. "अप्पा, हा पास आहे. माझ्या आयुष्यात इतकं पास कुणी झालेलं नाही."

अप्पा मात्र वजनकाट्याशी बसलेल्या माणसासारखे कडक झाले होते. "नियम कुणाचा, मास्तर? सांगणीचा नियम तुमचा. श्रोत्याचा शेरा तो अखेरचा, हेबी तुमचंच. बाई म्हणती, त्यानं काई सांगितलं न्हाई, मीच सांगितलं. मंग बाईला पाठवू का हैदराबादला?"

मी पुष्कळ समजावलं. विचारत विचारत नेणं हेच खरं शिकवणं, वगैरे. जितकं मी बोललो तितकं ते जास्त खोटं वाटायला लागलं. अप्पा फंडाच्या बाबतीत कधी कुणाचं ऐकत नसत. स्वतःच्या भाच्यालाही त्यांनी पाडलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, की एकासाठी वाकवलेला नियम उद्या दहा जण वाकवतील. त्यात चूक काय, तेही मला सांगता येईना.

गयाबाईंना आता उलगडलं, की आपल्या शब्दानं काय झालं. त्या माझ्याजवळ आल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "मास्तर, त्याचं कॉलेज बंद व्हणार का? मंग मी फिरवते माझं बोलणं. त्यानंच सांगितलं म्हणते."

"नको गयाबाई," मी म्हणालो. "तुम्ही खोटं बोललात तर ही परीक्षाच संपली."

"मंग खरं बोलले ते चुकलं का माझं?"

बाहेर लिंबाखाली केशव उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो गयाबाईंकडं बघून जरासा हसला, तुमचं काही चुकलं नाही असं. त्या हसण्यानं मला जास्तच वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच मी एकदम बोलून गेलो, "अप्पा, तुम्ही बसा श्रोते म्हणून. चौथीपर्यंतची शाळा आम्ही माफ करू. दुसरा विषय घेऊ द्या त्याला. मग तुमचा शेरा तो अखेरचा."

मंडळी दचकली. अप्पांना असं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण अप्पांना आव्हान आवडायचं. ते धोतर सावरत उठले आणि म्हणाले, "चल रे पोरा."

इथं मला थोडं मागं जाऊन अप्पांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांची काही मतं फार पक्की होती, आणि त्यातलं सगळ्यात पक्कं मत रेल्वेबद्दल. दोन रूळ जिथं जोडतात तिथं बारीक फट असते, ती का? अप्पांचं म्हणणं, ठेकेदारानं लोखंड खाल्लं. "अर्धं बोट हितं, अर्धं बोट तिथं, पार हैदराबादपर्यंत. केवढं लोखंड झालं!" हे ते फंडाच्या प्रत्येक पोराला निरोप देताना स्टेशनवर दाखवायचे, जगात किती लबाडी आहे याचा धडा म्हणून. मी एकदा त्यांना म्हणालो होतो, की अप्पा, उष्णतेनं धातू प्रसरण पावतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचाबी वाटा हाय का त्यात?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गोदामाचं दार लोटलेलं होतं. आम्ही बाहेर उन्हाकडं बघत बसलो. गयाबाई दारापाशी पदर तोंडाशी धरून. आतून आवाज येऊ लागला, पहिल्यांदा हळू, मग मोठा, आणि तो अप्पांचा. कुणाला तरी रागवावं तसा. मुनीमजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी मनात केशवच्या वडिलांचं औत बघत होतो.

दार उघडलं. अप्पा बाहेर आले, तोंड लाल, चालण्यात जोर. गादीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "गयाबाईचं बराबर हाय. ह्या पोराला काई येत न्हाई."

मी डोळे मिटले.

"अहो, मला इचारतो, अप्पा, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात. शेतकऱ्याचा पोरगा ना तू? म्हणलं, गोवऱ्या पेटवून धाव तापवायची, तापली की फुगती, मोठी व्हती, मंग चाकावर ठोकायची आन् वरून पाणी ओतायचं, की आवळून बसती. मंग म्हणतो, आपल्या वैशाखात लोखंड तापत असंल का. म्हणलं, हात लावून बघ, फोड येतील. मंग उन्हात पडलेलं लोखंड फुगंल का. म्हणलं, फुगणारच. मंग म्हणतो, दोन लोखंडं टोकाला टोक लावून ठेवली आन् दोन्ही फुगली, तर जातील कुठं? म्हणलं, येड्या, जायला जागा न्हाई ठेवली तर वाकडी व्हऊन वर उठतील! म्हणून तर मधी फट ठेवायची असती! रुळात फट का ठेवतात एवढंसुद्धा मलाच सांगावं—"

अप्पा थांबले.

मुनीमजींना खोकला आला, तो त्यांनी उपरण्यात दाबला. अप्पांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा दाराकडं, जिथं केशव खाली मान घालून उभा होता. मग त्यांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली.

दारातून गयाबाई म्हणाल्या, "माझंबी असंच झालं, अप्पा."

अप्पा पहिल्यांदा पोटातून हसले, मग सगळं अंग हलवून हसले. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, लई बिलंदर हाय हे पोरगं. लिहा, पास. पुढच्या सालचा खर्चा फंडातून." आणि गयाबाईंकडं वळून, "तुझा शेरा बदलायचा का?"

"मी कशाला बदलू?" गयाबाई म्हणाल्या. "मीच सांगितलं ते मीच सांगितलं. पण पास करा त्याला."

त्यानंतर राज्य गेलं, फंड गेला, परीक्षा गेली. केशव पुढं शाळामास्तर झाला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मला एकच रुखरुख आहे, की गप्प बसण्याचं जे तंत्र मी परीक्षेला वापरलं ते वर्गात वापरायचं मला सुचलं नाही; तिथं मी आपला सांगतच राहिलो. पण त्याचंही फारसं दुःख नाही. चांगलं काय ते ओळखता आलं, माझ्या वाट्याला एवढं आलं ते पुष्कळ झालं.

सुट्टी संपली तेव्हा केशवला पोचवायला मी स्टेशनवर गेलो होतो. अप्पाही आले होते, रिवाजाप्रमाणं. गाडीला वेळ होता. बघतो तर अप्पा फलाटाच्या कडेला परभणीकडच्या एका अनोळखी व्यापाऱ्याला काठीनं रूळ दाखवताहेत. "ही फट बघा. लोकांना वाटतं, ठेकेदारानं लोखंड खाल्लं. बिलकुल न्हाई. तुम्हाला सांगतो, गाडीच्या चाकाला धाव चढवताना बघितली का कधी? त्याच्यावरून मी हे शोधून काढलं." व्यापारी तोंडात बोट घालून ऐकत होता.

मी केशवला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस का? म्हणे शोधून काढलं. जा, सांग त्यांना, कुणी शिकवलं ते."

केशव डब्याच्या दांडीला धरून उभा होता. तो अप्पांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "कशाला, गुरुजी? येतंय की आता त्यांना."